पलंग उलटा करणाऱ्या आत्याबाई

मला आत्याबाईंनी वाचवलं. कशातून वाचवलं ते पुढं सांगतोच, पण आधी नाव त्यांचं घ्यायचं हे मी मनाशी ठरवून टाकलं आहे. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. रात्रभर आणि वर अर्धा दिवस एसटीत बसल्याशिवाय आई दिसत नाही इतक्या लांब येऊन पडलेला. असा मी पाथरीत आज ताठ मानेनं राहतो, रात्री गाढ झोपतो, त्याला कारण त्या. आत्याबाई म्हणजे मी कामाला असलेल्या गाद्यांच्या दुकानाच्या मालकांच्या सख्ख्या आत्या, पण पाथरीत त्यांना सगळेच आत्याबाई म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. आणि मी शपथेवर सांगतो, पाथरीपासून ताडकळसपर्यंत अशी एक खाट, असा एक पलंग, असा एक दिवाण सापडायचा नाही जो आत्याबाईंनी खालून पाहिलेला नाही. माणसं दुसऱ्याच्या घरात शिरली की देवाच्या फोटोकडं बघतात, टीव्हीकडं बघतात, चहा ठेवलाय का ते बघतात. आत्याबाई पलंगाच्या पायांकडं बघतात. मग दारातच उभ्या राहून नाक वर करून एकदा वास घेतात, आणि तो घेऊन झाल्याशिवाय घरच्यांच्या नमस्काराला उत्तर देत नाहीत.

त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असते. दुसऱ्या बायकांच्या पिशवीत सुपारी, औषधाच्या गोळ्या, फार तर नातवासाठी बिस्किटाचा पुडा निघतो. आत्याबाईंच्या पिशवीत टॉर्च, पांढरा सुती रुमाल, पाण्याची लहान बाटली आणि मालकांचं मुदत संपलेलं एटीएम कार्ड. बँकेला त्या कार्डाचा उपयोग उरला नव्हता, आत्याबाईंना मात्र त्यातून नवं हत्यार मिळालं. पलंगाच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, भिंतीवरच्या फोटोच्या मागं, जिथं बोट जात नाही तिथं कार्ड जातं. परभणीच्या गाडीत चढल्या की त्या आधी सीटवर टॉर्च मारणार, मग शिवणीतून कार्ड फिरवणार, मग रुमालाला काय लागलं ते उजेडात धरून बघणार. या रस्त्यावरचे कंडक्टर त्यांना ओळखतात. "आत्याबाई, सोडू का गाडी?" असं विचारतात आणि आत्याबाई म्हणतात, "थांब जरा, मागची शिवण राहिली." गंमत म्हणजे त्या तपासत असतात तोवर आजूबाजूच्या सीटवरची माणसंही बसत नाहीत. निकाल लागेपर्यंत अर्धी गाडी उभी असते.

मालकांच्या मुलीसाठी ताडकळसचं स्थळ आलं तेव्हाची गोष्ट मी ऐकलेली आहे, कारण ती मी यायच्या आधीची. मुलाच्या घरी सगळी मंडळी बैठकीत बसली. कुणी शेतीचं विचारलं, कुणी पाण्याचं, कुणी मुलाच्या शिक्षणाचं. आत्याबाईंनी यातलं काही विचारलं नाही. चहा झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पोरगं निजतंय कुठं, ते दावा." आत्याबाई उठल्याच, आतल्या खोलीत गेल्या, गादीचा कोपरा उचलला, शिवणीवरून बोट फिरवलं, पलंगाखाली वाकून टॉर्च मारला आणि बाहेर येऊन मालकांना म्हणाल्या, "घर चांगलं हाय. हो म्हणा." लग्न ठरलं. ती मुलगी आज सुखात आहे आणि याचं श्रेय नवऱ्यामुलाला न देता त्याच्या गादीला देणाऱ्या आत्याबाई जगात एकट्याच.

त्या कोथिंबीर खात नाहीत. परभणी जिल्ह्यात कोथिंबिरीशिवाय आमटी म्हणजे आमटी आजारी आहे असं समजतात, पण त्यांच्या पानात एक पान जरी आलं तरी त्या वाटी बाजूला सारतात. मी एकदा भीत भीत कारण विचारलं. तर म्हणाल्या, "वास तोच हाय. तुमी खा बाप्पा, मला त्या वाटीत कोन दिसतंय ते माझं मला मालूम." आणि त्या 'कोन'चं नाव त्या स्पष्ट घेतात. आमच्या गल्लीत ढेकूण हा शब्द कुणी उच्चारत नाही. कुणाच्या घरात झालेच तर बायका खालच्या आवाजात 'पाव्हणे आलेत' एवढंच म्हणतात, कारण ढेकूण म्हणजे घर घाणेरडं आणि घरातली बाई आळशी असा सगळ्यांचा समज. आत्याबाई मात्र भर हळदीकुंकवात, कुंकू लावून घेता घेता, घरच्या बाईला खणखणीत आवाजात विचारतात, "ढेकूण गेले का गं तुझे?" बाई लाजून अर्धी होते. मग आत्याबाईच तिची बाजू घेतात. "त्याला साफसफाई कळत न्हाई. रगत कळतंय. चार खोल्या पुसल्या म्हणून ते जात न्हाई, नि केर राहिला म्हणून येत न्हाई. कुणाच्या तरी बॅगेत बसून येतंय. त्यात तुझी काय चूक?"

घर शिवभक्तांचं. आत्याबाईंच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाहीत. मुंग्यांना साखर घालतात, उंबऱ्यात गोम आली तर सुपात घेऊन बाहेर सोडतात. मग ढेकणाचं कसं, हा प्रश्न मालकांनी एकदा थट्टेनं विचारला होता. आत्याबाईंकडं त्याचं उत्तर तयार होतं. त्या उकळतं पाणी ओततात, ओतायच्या आधी "शिवा, सांभाळ" म्हणतात, आणि पुढचं शिवावर सोपवतात. "मी कुटं मारायलेय? मी पाणी ओतायलेय. त्यानं बाजूला व्हावं की." हा न्याय शिवाला मान्य आहे की नाही ते मला माहीत नाही, पण ढेकणांना तो मान्य करावा लागतो.

आता माझं सांगतो. मी रत्नागिरीकडचा, खाडीच्या काठचा. माझा मामेभाऊ येलदरीच्या धरणावर मासेमारीच्या ठेक्यावर जाळी दुरुस्त करायला आला होता, त्याच्या मागून मी आलो. ठेका संपला, मामेभाऊ परत गेला, मी पाथरीत गाद्यांच्या दुकानात लागलो. जाळ्याची सुई धरलेल्या हाताला गादीची मोठी सुई, म्हणजे दाभण, जड जात नाही. आमच्या दुकानात लोक जुन्या गाद्या आणतात, मागच्या बाजूला त्यातला कापूस पिंजून मोकळा होतो, मी नवी खोळ शिवतो, भरतो, टाके घालतो. मालक माणूस भला. मला दुकानामागच्या गल्लीत खोली दिली, आणि नुसती खोली नाही तर पलंगही दिला. मुलीचं लग्न नुकतंच होऊन गेलं होतं, घरात सामानाची अडचण झाली होती. मालकांनी स्वतः हिरवा ऑइलपेंट मारून तो पलंग माझ्या खोलीत आणून ठेवला. आमच्या घरी आम्ही सगळे चटईवर झोपणारे. स्वतःचा पलंग मला जन्मात पहिल्यांदा मिळाला. आईला फोन केला तेव्हा आधी पलंगाचं सांगितलं, पगाराचं नंतर.

थोडे दिवस बरे गेले. मग सकाळी उठल्यावर मनगटावर, मानेवर, घोट्यावर लाल गांधी दिसायला लागल्या. खाज अशी की दाभण हातात धरवेना. आईला सांगितलं. आई म्हणाली, पित्त उठलंय, तिकडचं जेवण तुला मानवत नाही, आमसूल भिजवून अंगाला लाव. आमच्याकडं अंगावर पित्त उठलं की हाच उपाय, आणि येताना आईनं आमसुलांची पुडी बांधून दिलेलीच होती. मी रोज झोपायच्या आधी आमसुलाच्या पाण्यानं अंग माखू लागलो. माझे बनियन असे रंगले की दोरीवर वाळत घातलेले बघून मालकीणबाईंना वाटलं, पोराला कुणी मारलं. मग मी खाणं सोडत गेलो. वांगं सोडलं, शेंगदाणे सोडले, ज्वारीची भाकरीसुद्धा सोडली. या जिल्ह्यात या तीन वस्तू सोडल्या की मागं हवा आणि पाणी उरतं. डॉक्टरांनी खाजेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप छान लागायची, आणि ज्या रात्री झोप छान लागे त्या सकाळी गांधी दुप्पट.

चादरीवर, गादीच्या शिवणीजवळ मला बारीक काळे ठिपके दिसत होते. हे मी आवर्जून सांगतो, कारण दिसत नव्हतं असं नाही. पण मी पडलो गादीवाला. कापसात काळा कचरा असतोच, पानाचा चुरा असतो, सरकीचे तुकडे असतात, दिवसभर माझ्या केसात तेच असतं. मला वाटलं शिवणीतून बाहेर येतोय. पिवळट पातळ टरफलं सापडायची, ती मी सरकीची सालं म्हणून झटकून टाकायचो. दुसऱ्या कुणाला, किराणावाल्याला किंवा चांभाराला, कदाचित संशय आला असता. मला स्वतःच्या धंद्यानंच आंधळं केलं होतं.

मधे एकदा डास असतील म्हणून मी फवारणीचं औषध आणून पलंगाखाली, भिंतीवर सगळीकडं मारलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की काही दिवसांनी माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या पापडवाल्या काकूंच्या नातवाच्या अंगावर तशाच गांधी उठल्या. काकू मनानं वाईट नाहीत, पण नातवावर त्यांचा जीव. त्यांनी गल्लीत सांगितलं की या कोकण्याच्या अंगाला काहीतरी लागट रोग हाय. त्या दिवसापासून मला पाणी वरून ओतून मिळायला लागलं. आणि मलाही ते पटलं होतं, हेच जास्त वाईट. मी शिवलेल्या गाद्यांवर गावातली लेकरं झोपतात. माझा रोग टाक्याटाक्यातून त्यांच्या घरात चाललाय असं मला वाटायला लागलं. शेवटी मालकांनी बाजूला बोलावलं. त्यांना माझ्याकडं बघवत नव्हतं. थोडे दिवस गावाला जाऊन ये, बरा झालास की ये, असं ते म्हणाले. अशा 'ये'चा अर्थ आठवी पास नसलेल्यालाही कळतो.

आत्याबाई या सगळ्यात पाथरीत नव्हत्या. लग्न उरकल्यावर लगेच त्यांना मोतीबिंदूसाठी त्यांच्या स्वतःच्या मुलीनं तिच्याकडं लातूरला नेलं होतं आणि नंतर दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन विश्रांती होईपर्यंत तिथंच ठेवून घेतलं होतं. मी त्यांच्याविषयी नुसतं ऐकून होतो. मी दुपारी वळकटी बांधत होतो तेव्हा दारात एक ठेंगणी, काळा चष्मा लावलेली म्हातारी उभी राहिली, नाक वर केलं आणि वास घेतला. मी ओळखलं.

"कुटं जायलास?" त्यांनी विचारलं.

"गावी."

"काहून?"

मी हात पाठीमागं घेतला. त्यांनी तो ओढून दाराच्या उजेडात धरला. आजवर जो तो माझ्यापासून हातभर लांब उभा राहत होता, आणि या म्हातारीनं माझ्या मनगटावरून अंगठा फिरवला. "एक, दोन, तीन. रांग हाय," त्या म्हणाल्या. "पित्त असं रांगंत उभं राहत न्हाई, लेकरा." मग लगेच स्वतःलाच आवरून म्हणाल्या, "पर नुसत्या गांधीवरून बोलू न्हाई. डास बी असंच करतंय. आन एखाद्याला ढेकूण चावून बी गांध उठत न्हाई. बिछाना दाव."

मी बिछाना दाखवला. मी शिवलेली गादी, माझे टाके, त्यावरचे ते काळे ठिपके. कापसाचा कचरा आहे, असं मी सांगितलं. आत्याबाईंनी रुमालाचं टोक ओलं केलं आणि एका ठिपक्यावर घासलं. रुमालावर तांबूस तपकिरी डाग पसरला. त्यांनी तो माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाल्या, कचऱ्याला असा रंग सुटतो का ते गादीवाल्यानं सांगावं. मग टरफल चिमटीत घेऊन म्हणाल्या, ही सरकी नाही, हे त्यांचे कपडे, अंगानं वाढलं की जुना अंगरखा काढून टाकतंय. शेवटी कार्ड शिवणीत सारलं आणि एक जिवंत बाहेर काढला. मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, तांबडा. तो उडाला नाही, त्यानं उडी मारली नाही, तो गडबडीनं चालायला लागला, जसा काही ऑफिसला उशीर झालाय.

मला ढेकूण चावले होते. एवढंच. रोग नाही, पित्त नाही, परभणीचं पाणी नाही, आईनं घाबरावं असं काही नाही. हे लागट आहे का असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "रोग काही लावत न्हाई हे. झोप खातंय आन इज्जत खातंय." ढेकूण बघून इतका आनंद झालेला माणूस जगात दुसरा नसेल. मी रडलो. आत्याबाईंनी रडू दिलं, तोवर त्यांनी तो ढेकूण पाण्यात सोडून शिवाला त्याचा सांभाळ करायला सांगितला.

पण आमचं बोलणं ऐकून काकू दारात आल्या होत्या. त्यांच्या डोक्यात लगेच पुढचा हिशेब जुळला. म्हणजे वळकटीतून कोकणातून आणलेत यानं, आमच्या लेकराला यानंच दिले. तेवढ्यात मालकही आले. आत्याबाईंनी तोंडभर तो शब्द घेतला तसं त्यांनी आधी गल्लीकडं बघितलं आणि हळू म्हणाले, "आत्या, जरा हळू. गाद्याचं दुकान हाय आपलं." गाद्यांच्या दुकानातल्या माणसाच्या गादीत ढेकूण, ही बातमी पाथरीत फिरली की कोण येणार गादी भरायला? रोग झाला असता तर मी बरा होऊन परत येऊ शकलो असतो. आता दुकान वाचवायचं तर मला जावंच लागणार होतं, आणि ढेकूण आणणारा म्हणून जावं लागणार होतं.

"पलंग उलटा करा," आत्याबाई म्हणाल्या.

मालक म्हणाले की पलंग राहू द्या, त्याला आताच रंग दिलाय. आत्याबाई म्हणाल्या की रंग वरून दिलाय, खालून बघू. मालक हलेनात. मग मी आणि आत्याबाईंनीच तो धरला आणि उलटा केला. खालच्या बाजूला रंग नव्हता. जुनं काळसर सागवान होतं, आणि मधल्या फळीवर सुतारानं कोरलेलं एक बेलाचं पान होतं. त्या पानाच्या खाचेत, फळीच्या सांध्यात, चारी पायांच्या खोबणीत शाईचे शिंतोडे उडावेत तसे डाग, खसखशीसारखी पांढरी अंडी, आणि ते सगळे, लहानथोर, खेटून बसलेले. आत्याबाईंनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी उजेडात काढू नका म्हणून सांगितलेला चष्मा. त्या बराच वेळ त्या बेलाच्या पानाकडं बघत राहिल्या.

"माझा पलंग हाय हा," त्या मालकांना म्हणाल्या. आवाज इतका हळू की मला त्यांचाच आहे हे पटेना.

तो त्यांच्या आंदणातला पलंग होता. वडिलांनी सागवान निवडून करून घेतलेला आणि पुढं त्यांच्याबरोबरच माहेरी परत आलेला. त्या तो दर शनिवारी उलटा करून बघत, आणि घरात लग्नकार्य झालं की पाव्हणे गेल्या गेल्या घरातल्या सगळ्या खाटांच्या आधी त्याची पाळी. या लग्नात त्यावर पाव्हणे झोपले, कुणाच्या तरी बॅगेतून ढेकूण उतरले, आणि नेमकं याच वेळी आत्याबाईंना डोळ्यांसाठी जावं लागलं. मागं उरलेला पलंग मालकांनी अडचण होते म्हणून, आत्याबाई परत आल्या की देऊ देणार नाहीत म्हणून, घाईनं रंगवून मला दिला होता. त्यांना ढेकणांचं काही माहीत नव्हतं. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं.

काकू अजून दारात होत्या, पण हे हळू आवाजातलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. मला वाटलं, सगळं आयुष्य लोकांचे पलंग तपासणाऱ्या बाईच्या पलंगात ढेकूण, हे गावाला कळलं तर या म्हातारीनं तोंड कुठं दाखवायचं? मी जवळ जाऊन म्हणालो, "आत्याबाई, राहू द्या. मी जातोच आहे. माझ्यावरच राहू दे."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी नको ते बोललो होतो. "तुझ्यावर काहून? तुझ्या बापाचे हायत का?"

आणि त्यांनी मालकांना एक बाजू धरायला लावली, मला एक, आणि भर दुपारी तो पलंग पाय वर करून गल्लीत मधोमध आणून ठेवला. काकूंना हात धरून जवळ नेलं. आवाज ऐकून पाच-दहा दारं उघडली. आत्याबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि हळदीकुंकवातल्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघून घ्या. हे ढेकूण ह्या पोराचे न्हाईत. आमच्या घरचे हायत. माझ्या आंदणातल्या पलंगात निघाले. त्यानं कोकणातून काही आणलं न्हाई, आमीच त्याला दिले. आता ज्याला हसायचं त्यानं मला हसा, आन मग घरात जाऊन आपापला पलंग उलटा करा."

कुणी हसलं नाही. मग काकू वळून घरात गेल्या आणि आतून धप्प असा आवाज आला. समोरच्या घरातून एक आवाज आला. मग त्याच्या पलीकडून. गल्लीभर पलंग उलटे व्हायला लागले. ज्या घरातून कधी 'पाव्हणे' सुद्धा कुणी म्हटलं नव्हतं त्या घरातून बायका बाहेर येऊन विचारायला लागल्या, आत्याबाई, हे काळं काय आहे, आत्याबाई, हे जरा बघा की. निम्म्या घरांत काही नव्हतं. काही घरांत होते, आणि तिथं ते माझ्या आधीपासून नांदत होते.

पुढं गल्लीत लग्नघर असल्यासारखी गडबड झाली. दुकानाच्या मागं मोठी कढई चढली. चादरी, खोळी, कपडे उकळत्या पाण्यातून निघाले. इकडच्या उन्हाची आत्याबाई तारीफ करतात, पण नुसत्या उन्हावर त्यांचा भरवसा नाही. ऊन वरून लागतं तसं ढेकूण आत सरकतंय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सांध्या-सांध्यात उकळतं पाणी. फवाऱ्याची बाटली त्यांनी माझ्या हातून काढून घेतली आणि म्हणाल्या, यानं तू त्यांना काकूचा पत्ता दिलास. आणि एकदा करून थांबायचं नाही, अंड्यांतून नवे निघतात, म्हणून आठवड्यानं पुन्हा, परत पुन्हा, चादर सकाळी कोरी दिसेपर्यंत. आपल्या पलंगावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी ओतलं. "शिवा, सांभाळ" हे नेहमीसारखं म्हणाल्या, पण ते त्या ढेकणांसाठी होतं की वडिलांनी कोरून घेतलेल्या पानासाठी, मला सांगता यायचं नाही.

दुकानाच्या काही ऑर्डरी गेल्या, हे खरं. मालक महिनाभर माझ्याशी कमी बोलले, आत्याबाईंशी त्याहून कमी. पण नंतर उलटंच झालं. लोक जुन्या गाद्या भरायला आणताना म्हणायला लागले, आधी आत्याबाईंना बघू द्या. आता कुठलीही जुनी गादी दुकानाच्या आत येत नाही, आधी बाहेर ओट्यावर आत्याबाईंच्या कार्डाखालून जाते. काकूंच्या नातवाच्या गांधी गेल्या. काकू मला पापड देतात आणि पाणी हातात देतात. आणि मी ज्वारीची भाकरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर इतकी खाल्ली की मालकीणबाईंनी पीठ जास्त दळून आणायला सुरुवात केली. ज्या सकाळी पहिल्यांदा चादर कोरी निघाली, त्या सकाळी मी ती घडी न करता तशीच दारात धरून उभा राहिलो होतो. जाणारे येणारे बघत होते आणि मला त्यांचं काही वाटत नव्हतं. आईला फोन करून सांगितलं की पित्त नव्हतं. आई म्हणाली, आमसुलानंच गेलं असणार. मी हो म्हटलं.

तो पलंग अजून माझ्याकडंच आहे. हिरवा रंग खरवडून काढला, फटी भरून घेतल्या, आणि मी तो आत्याबाईंना परत द्यायला गेलो तर त्यांनी घेतला नाही. "ठेव. जिल्ह्यात एवढा तपासलेला पलंग दुसरा न्हाई," म्हणाल्या. शनिवारी त्या येतात, आम्ही दोघं तो उलटा करतो. अलीकडं त्यांना वाकवत नाही. एका डोळ्यानं पुन्हा धूसर दिसायला लागलंय. त्या खुर्चीवर बसून शिवणीवरून नुसतं बोट फिरवतात आणि म्हणतात, तू बघ रे, मला बोटाला कळतंय पण खात्री तू कर. मी टॉर्च मारून बघतो, काही नाही म्हणतो, आणि त्या तरीही एकदा वास घेतात.

परवा त्यांनी मला विचारलं, समुद्राला वास कसा असतो. त्यांनी तो पाहिलेला नाही. मी मिठाचा, मासळीचा, ओल्या दोराचा असं काय काय सांगत बसलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोथिंबिरीसारखा न्हाई ना?" नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तेव्हाच मी ठरवलं. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते फेडायला माझ्याकडं दुसरं काही नाही, पण एक दिवस मी त्यांना आमच्या खाडीवर नेणार आहे. कंडक्टरला थांबायला सांगून गाडीची प्रत्येक सीट तपासू देणार आहे. आईला तोवर पैसे साठवून एक खाट घेऊन देईन आणि बजावून ठेवीन, की आत्याबाई यायच्या आधी खाट अजिबात उलटी करून बघायची नाही. ते त्यांच्यासाठी राखून ठेवायचं.